मी, वायजे सर

मोरपंखी साडी, छातीशी धरलेला लॅपटॉप आणि पायात काहीच नाही – अशा अवतारात मी रिठदच्या पाण्याच्या टाकीचा गोल जिना चढत होते. खाली मंडपातली अर्धी मंडळी माना वर करून बघत होती. एकानं तर फोटोही काढला.

लग्न ज्योत्स्नाचं होतं. वाशीमला कॉलेजात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढलेली, त्यामुळे कामरगावहून तीन गाड्या बदलून येणं भागच होतं. पण दुपारी बारा वाजता मला एक काम नेटवर चढवायचं होतं आणि मंडपात रेंजच्या नावानं बोंब. शेवटी नवरीच्या मामीनं, जमनाबाईंनी, सल्ला दिला, "रेंज पाह्यजे तं टाकीवर जाय पोरी. तिसऱ्या वळनावर दोन काड्या भेटतात."

तिसऱ्या वळणावर आधीच एक जण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. डोक्याला उन्हासाठी रुमाल बांधलेला.

"जागा भरली," स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला. "चौथ्या वळनावर जा. तिथं एक काडी कमी हाये, पन हवा मस्त लागते."

"मले हवा नाई पाह्यजे. काड्या पाह्यजे."

त्यानं वर पाहिलं. साडी पाहिली, घामानं ओघळलेली टिकली पाहिली, अनवाणी पाय पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ की नको करत राहिलं आणि शेवटी डाव्या बाजूनं आलंच.

"नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?"

"काहून? नवरदेवाकडच्यायले रेंज देत नाई काय?"

"देतो. पन पासवर्ड इचारतो."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. वर वारा होता. खाली हरभऱ्याची शेतं, डीजेचा धडधडाट, आणि माझा पदर दर दोन मिनिटांनी उडून मागं त्याच्या कीबोर्डवर.

"वो मॅडम, तुमचा पदर मायं टायपिंग करून राह्यला."

"चांगलं लिहिते ना पन?"

"स्पेलिंगच्या चुका लय करते..."

हसत हसत पदर ओढून घ्यायला मी मागं वळले आणि त्याच्या स्क्रीनवर माझी नजर गेली. तिथं 'ओलावा'चं पान उघडं होतं. माझा ओलावा! रिठदच्या टाकीवर! मी आनंदानं ओरडणारच होते, तेवढ्यात तो लिहीत असलेल्या तक्रारीचा मथळा वाचला – 'माझं तीन वर्षांचं काम कुणाच्या नावावर गेलं?'

माझं तोंड उघडं होतं, ते तसंच मिटलं.

ओलावा हा एक मुक्त प्रकल्प आहे. शेतात एक काठी रोवायची, काठी सांगते माती किती ओली आहे, आणि त्यामागचा सगळा कोड जगात कुणालाही बघायला आणि सुधारायला मोकळा. काठीची माहिती वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमना घेता यावी म्हणून आम्ही सात तुकडे लिहिलेत – कुणी पायथनमध्ये, कुणी जावात, फोनसाठीचा कोटलिनमध्ये. त्यांना क्लायंट म्हणतात. प्रत्येकाचा वेगळा रेपो होता. रेपो म्हणजे कोडचं घर. त्यात नुसता कोड नसतो, कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली याची सगळी वंशावळही असते.

मी या प्रकल्पाच्या तीन कारभाऱ्यांपैकी एक. पगाराची नोकरी घरून एका कंपनीची, हे मात्र हौसेचं. तिथं माझं नाव 'वायजे'. योगिनी जगदेव, एवढंच. फोटो नाही, म्हणून सगळे मला 'सर' म्हणतात. मीही कधी सुधारलं नाही, कारण सर म्हटलं की माणसं वाद कमी घालतात.

"तुमी बी याच्यातल्याच काय?" त्यानं विचारलं.

"नाई... म्हंजे थोडंफार. हौस म्हनून."

ही पहिली थाप.

"फोनसाठीचा क्लायंट मी लिहिला," तो म्हणाला. "अमरदीप आडे नाव मायं. तिथं पळस७."

पळस७! त्याला मी तीन वर्षं ओळखत होते. तो बदल पाठवायचा, मी तपासून मंजूर करायची. कमी बोलणारा, नेमकं लिहिणारा. माझ्या मनात तो कुठल्या तरी मोठ्या शहरातला, टक्कल पडत चाललेला, दोन मुलांचा बाप होता. प्रत्यक्षात तो रिठदजवळच्या बंजारा तांड्यावरचा निघाला, माझ्याच वयाचा, आणि टक्कल तर अजिबात नव्हतं.

"एका संस्थेची फेलोशिप हाये, वर्षभराची," तो सांगत होता. "अठ्ठावीस फेब्रुवारी शेवटची तारीख. तिथं काम दाखवा लागते. मी लिंक उघडली तं सात घरायचं एक घर झालेलं, अन् सगळं वायजे सरच्या नावावर. जुने रेपो गायब. प्रत हाये हो मायाजवळ... पन ते म्हनतात, मूळ जागेवर नाव दिसलं पाह्यजे. आता हे सर भाषन बी देनार हायेत, हे घर कसं बांधलं म्हनून. मोठा मानूस असन. मले भेटला ना एकडाव..."

"तं काय करान?" माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"काई नाई. इचारीन – का बाप्पा, मायं नाव तुले जड झालं होतं काय?"

मी त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट काय म्हणाले ते लिहितानाही मला लाज वाटतेय. मी म्हणाले, "असं चारचौघांत नका टाकू. चुकून झालं असन. आधी त्यायले खासगीत लिहा ना."

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. विश्वासानं पाहिलं, तेच वाईट. "तुमी म्हनता तं... चला." त्यानं मथळा पुसला, मेल लिहिला, पाठवला.

माझ्या हातातला फोन वाजला. टिंग!

"कुनाचा?"

"मावशीचा," मी म्हणाले.

*

झालं होतं ते असं. आमच्याकडं दिवाळीआधी घर झाडायची एक धुंदी चढते. माळ्यावरचं सगळं खाली, जुनं ते बाहेर, आणि मध्ये कुणी बोललं तर त्यालाही झाडूचा फटका. त्या धुंदीत मी ओलावा झाडायला घेतला. कारण खोटं नव्हतं. मूळ सेवेत एक गोष्ट बदलली की सात घरांत सात ठिकाणी बदलावी लागे. पाच व्हायची, दोन राहून जायची आणि कुणा शेतकऱ्याच्या फोनवर काठी मुकी व्हायची. म्हणून मी एक नवं घर बांधलं, सात खोल्या केल्या आणि सातही जुन्या घरांतला कोड उचलून आणून ठेवला.

फक्त कोड. वंशावळ नाही. ती सोबत आणायची पद्धत आहे, पण वेळ लागतो आणि मला धनत्रयोदशीच्या आत संपवायचं होतं. मग पसारा नको म्हणून जुनी सातही घरं पाडली. आठ दिवसांनी लक्षात आलं की आता प्रत्येक ओळीवर एकच नाव आहे. माझं. अकरा माणसांचं काम, आणि नाव एकट्या वायजेचं.

दुरुस्त करता येत होतं. जुन्या प्रती माझ्या लॅपटॉपवर होत्या. पण त्यासाठी सगळ्यांना सांगावं लागणार होतं की तुमच्याजवळच्या प्रती टाकून द्या, नव्या घ्या. आणि का, तेही सांगावं लागणार होतं. ते 'का' मला लिहवेना. तोवर कौतुक सुरू झालं होतं. पुण्याच्या एका संमेलनानं तीन मार्चला भाषणाला बोलावलं, 'सात घरांचं एक घर' या विषयावर. बाबांनी कामरगावात घरोघरी सांगितलं. आणि मी गप्प बसले. चूक आठ दिवसांची होती. गप्प बसणं चार महिन्यांचं झालं.

लग्नाहून परतताना बसमध्येच मी त्याच्या मेलला उत्तर दिलं. 'तुमचा मुद्दा समजला. बघतो.' – वायजे.

*

फोन नंबर त्यानं मागितला होता. नाव मी नुसतं 'योगिनी' सांगितलं होतं, आडनाव गिळलं. "रेंजची खबर द्यायले," म्हणाला. पहिला आठवडा रेंजचीच खबर आली. मग हवेची आली, मग त्याच्या क्लासची. तो शिरपूरला स्टँडजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. पुढच्या शनिवारी मला वाशीमला काहीतरी काम निघालं, आणि वाशीमहून शिरपूर किती लांब आहे? काम काय होतं ते मला अजूनही आठवत नाही.

स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. देवळाला आलेल्या यात्रेकरूंची गाडी नुकतीच रिकामी झाली होती, पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या. अमरदीपनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एकदम विचारलं,

"तुमाले काय बरं वाटते? एकत्र कुटुंब का वेगळ्या चुली?"

मला ठसका लागला. आमच्याकडं हा प्रश्न मुलगी बघायला आल्यावर विचारतात.

"कोडचं इचारून राह्यलो!" त्याचे कान लाल झाले. "सात क्लायंटचं..."

"मग तसं सांगा ना. एकत्र. सगळ्यायले पानी एकाच विहिरीचं, तं वेगळं राहून काय फायदा?"

"अन् सुना सात हायेत त्याचं काय? पायथन सगळ्यायची लाडकी, दुपारी उठली तरी चालते. जावा पहाटे उठते, आधी कामायची यादी लिहिते, मंग सडा टाकते. जावास्क्रिप्टले दर आठवड्याले नवीन लुगडं लागते. अन् तुमचे ते वायजे सर म्हनतात, सगळ्या एकाच टायमाले जेवा!"

खरं होतं. मी बांधलेल्या घरात एका क्लायंटमध्ये टाचणीएवढा बदल झाला तरी सातही जणांना आवृत्तीचा नवा आकडा लावून बाहेर पाठवावं लागे. लोक वैतागले होते.

"मंग काय करा लागते?"

"घर एक ठेवा. अंगन एक, विहीर एक. पन चुली सात. जिची भाकर झाली तिनं वाढावी, बाकीच्यायनं वाट नाई पाहावी." त्यानं बशी खाली ठेवली. "घर एक केलं ते बरंच केलं सरनं. मी त्याच्या इरोधात नाई. पन घर बांधताना जुन्या मानसायचे फोटो उकिरड्यावर कायले टाकले?"

मी चहाकडं बघत राहिले. इतके महिने मला जे सुचलं नव्हतं ते यानं एका बशीत सांगितलं होतं, आणि वर मला एक थोबाडीतही दिली होती. त्याला माहीत नव्हतं, म्हणून ती जास्त लागली.

"अशी हुशार सून भेटली तं सासू लय खूश होईन," मी कसंबसं म्हणाले.

"सून काहून? जावई म्हना."

बाजूच्या टेबलावरचा माणूस आमच्याकडं बघून उगाच मिशीत हसला.

त्यानंतर शनिवारमागून शनिवार वाशीमला कामं निघत गेली. तो 'तुमी'वरून 'तू'वर कधी आला ते कळलं नाही. माझ्यासाठी तो खिडकीची जागा धरायचा, माझी बस हलेपर्यंत खाली उभा राहायचा आणि बस हलली की हात न करता नुसता रुमाल डोक्याला बांधायला घ्यायचा. त्या रुमालाच्या गाठीवर माझा जीव जडला. आणि दर शनिवारी मी ठरवून जायची की आज सांगायचंच. एकदा 'मले तुले काई...' इथपर्यंत आले. त्यानं एवढ्या आशेनं पाहिलं की मी म्हणाले, "...ते भजं दे."

"सरचं उत्तर आलं होतं," एकदा तो म्हणाला. "बघतो म्हनले. सभ्य मानूस दिसते."

मला रस्त्यात बसून रडावंसं वाटलं.

मी काय हिशेब मांडला होता तेही सांगते, आता लपवून काय करायचं? तीन मार्चला भाषण होऊ द्यायचं आणि चार तारखेला गुपचूप सगळ्यांची नावं लावून टाकायची. फेलोशिपची तारीख काय, वाढतेच. मला भाषणही हवं होतं आणि अमरदीपही. इतकी मी हलकी झाले होते.

*

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी तो मला तांड्यावर घेऊन गेला. आईवडील दिवाळीनंतरच ऊसतोडीला गेलेले, घरी तो आणि बारावीतली बहीण निता. शेणानं सारवलेली ओसरी, भिंतीवर नितानं काढलेली नक्षी, आणि कोपऱ्यात टेबल म्हणून उलटी ठेवलेली धान्याची कोठी. तीन वर्षं मी ज्या ओळी तपासल्या त्या या कोठीवर लिहिल्या होत्या. मी तिच्यावर हात ठेवला.

तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. रामीबाई उसाच्या फडात बसल्या होत्या, मागं पाचट पसरलेलं, डोक्यावरून पदर गच्च बांधलेला.

"याडी, ही योगिनी. कामरगावची," अमरदीपनं फोन माझ्याकडं वळवला. याडी म्हणजे आई.

"हीले समजते काय रे तुह्यं काम?"

"समजते."

"मंग तूच सांग पोरी मले," त्या माझ्याकडं वाकून बघत म्हणाल्या. "यानं खरंच काई केलं, का नुसता बसून राह्यते? तीन साल झाले, आमाले सांगते, याडी, मायं नाव हाये तिथं, सगळी दुनिया पाह्यते. मी इथं टोळीतल्या सगळ्यायले सांगतलं. परवा मुकादमच्या पोरानं मोबाइलवर काढून पाह्यलं तं कोन्या वायजेचं नाव. आता बाया हासतात. म्हनतात, तुह्यं पोरगं खोटं बोलते."

अमरदीप हसण्यावारी न्यायला गेला. "याडी, जाऊ दे ना..."

"खोटं नाई बोलत, याडी," मी म्हणाले. "नाव होतं त्याचं. मी पुसलं."

"काय म्हनली? आवाज तुटून राह्यला..."

"मी पुसलं! वायजे म्हंजे मीच!"

पण फडातली रेंज गेली होती. स्क्रीनवर त्यांचा चेहरा अर्धवट हसू घेऊन थिजला होता. त्यांनी ऐकलं नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं.

निता चहा घेऊन आली, दोघांची तोंडं पाहिली आणि कप ठेवून मागं गेली.

"टाकीवर... तो फोन वाजला होता तवा..."

"हाव."

"तू मावशी म्हनली होती."

"हाव."

"अन् बघतो?"

"ते बी मीच."

मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त फोन पालथा ठेवला.

"चहा थंडा झाला तुमचा," तो म्हणाला. "साडेचारची गाडी हाये. निता सोडून देईन फाट्यापर्यंत."

तुमचा. एवढ्या एका शब्दानं त्यानं मला टाकीच्या तिसऱ्या वळणावरून खाली ढकललं. फाट्यावर गाडी आली तेव्हा खाली रुमाल बांधणारं कुणी नव्हतं. वाशीमपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून रडत होते आणि कंडक्टर तिकीट मागायला दोनदा येऊन परत गेला.

*

घरी बाबा खळ्यात तूर उपणत होते. तीन तारखेला ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर माझं भाषण दाखवायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, टाकीपासून फडापर्यंत. ते सूप हलवत राहिले.

"किती जनायचं नाव गेलं?"

"अकरा."

"परत येते?"

"येते."

"मंग मले काय सांगून राह्यली? बस कामाले."

मी वळले. मागून त्यांचा आवाज आला, जरा खालचा, "भाषन नाई म्हनून गावात मी सांगतो. ते तू नोको सांगू."

भाषणाला येणार नाही असं मी संमेलनाला कळवलं. दोन दिवस रजा काढली. जुन्या प्रतींमधून सातही घरांच्या वंशावळी उचलल्या, एका घरात आणल्या, आणि रचना अमरदीपनं सांगितली तशी केली – अंगण एक, चुली सात, ज्याचा आकडा त्याचा. ही कल्पना पळस७ची, हेही लिहिलं. मग सगळ्यांसाठी सूचना लिहिली: 'तुमच्याजवळच्या प्रती टाकून नव्या घ्या. कारण: दिवाळीत मी अकरा जणांची नावं पुसली. पहिल्यांदा घाईनं पुसली, नंतर कळूनही गप्प बसले. मी सर नाही. माझं नाव योगिनी जगदेव.'

आमचा एक नियम आहे. कुणाचंही काम दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय मूळ घरात जात नाही. दिवाळीच्या धुंदीत तो मी मोडला होता. तपासणारा म्हणून मी पळस७चं नाव टाकलं.

आणि एक गोष्ट केली. त्या घरात माझंही काम होतंच. सातही क्लायंट एकाच कसोटीवर तपासायची व्यवस्था मी उभी केली होती, चार महिने खपून. त्यावरचं माझं नाव मी काढलं आणि 'ओलावा मंडळ' असं लिहिलं. माझं तोंड तिथं दिसूच नये असं वाटत होतं.

लोकांनी शिव्या दिल्या. काहींनी तर प्रकल्प सोडला. केरळातल्या एकानं लिहिलं की आपलं नाव गेल्याचं त्याला कळलं होतं, पण कुणाला फरक पडत नसेल असं वाटून तो बोलला नव्हता. ते वाचून मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पळस७चं काहीच नाही. पंचवीस तारीख गेली, सव्वीस गेली. सत्तावीसला सकाळी मी खळ्यात पोत्यांना सुतळी घालत होते तेव्हा फोन वाजला. 'बदल हवेत', असं वर लाल अक्षरांत, आणि खाली त्याच्या नेहमीच्या नेमक्या भाषेत – 'यातले चौदा बदल ओलावा मंडळ या नावानं आहेत. अशी कुणी व्यक्ती नाही. ज्याचं काम त्याचं नाव. खरं नाव लागेपर्यंत मंजुरी नाही.'

मी तिथूनच फोन लावला.

"अरे, उद्या शेवटची तारीख हाये!"

"मालूम हाये." मागं गाडीचा खडखडाट होता.

"आधी मंजूर कर. मायं नाव मंग पाहू."

"नाई."

"तुह्यं वर्ष जाईन!"

"जाऊ दे. नाव गेलं तं कसं लागते ते मले ठाव हाये. तुह्यं काढून मायं लावू? मंग मी बी तेच केलं ना?" तो थांबला. "मंगरूळपीर सोडलं. कामरगावले येतो तवर लाव. मी येऊनच पाहीन."

चौदा ठिकाणी स्वतःचं नाव लिहायला दहा मिनिटं पुरतात. मला दोन तास लागले. आधी ते सगळ्यांच्या डोक्यावर होतं, मग कुठंच नव्हतं. आता ते अकरा जणांच्या मधोमध एका रांगेत बसवायचं होतं, आणि खालीच ती सूचना, मी काय केलं ते सांगणारी. जो बघेल त्याला दोन्ही दिसणार होतं.

तो स्टँडवर उतरला तेव्हा माझ्या केसांत तुरीचा भुसा होता.

"राग गेला?" मी विचारलं.

"नाई."

"मंग तीन गाड्या बदलून आला काहून?"

"घरी बसून राग करून पाह्यला आठ दिवस. जमत नाई..." तो रस्त्याकडं बघत म्हणाला. "राग करायले बी तूच समोर पाह्यजे."

मी पुढं चालायला लागले, कारण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. तो मागून येत राहिला.

अंगणात बाबा होते, आणि शेजारचे किशनकाका, आणि किशनकाकांच्या घरचे सगळे, कारण परका माणूस आला की आमच्या गल्लीला आपोआप कामं सुचतात.

"हे कोन?" बाबांनी विचारलं.

मित्र म्हणता आलं असतं. कामातले ओळखीचे म्हणता आलं असतं. चार महिने मी असंच काहीतरी म्हणत आले होते.

"हे अमरदीप आडे," मी म्हणाले. "रिठदच्या तांड्यावरचे. ओलाव्यातला फोनचा भाग यायनंच लिहिला. यायचंच नाव मी पुसलं होतं. अन् बाबा... मले हे आवडतात."

तांडा शब्द ऐकून किशनकाका बाबांच्या तोंडाकडं बघायला लागले. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, तरी मी मान वर ठेवली. बाबांनी अमरदीपला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"जेवले काय?"

"नाई."

"मंग बसा. भाकर टाकाले सांगतो."

"आधी तेवढं काम करतो," अमरदीप म्हणाला. बाजेवर बसला, लॅपटॉप उघडला आणि चौदाही बदल एकेक करून वाचायला लागला. नावं वाचली, ओळी वाचल्या, सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी पदराच्या टोकाला पीळ देत उभी होते. किशनकाकाही वाकून बघत होते, त्यांना काय कळत होतं देव जाणे. शेवटी त्यानं बटण दाबलं.

"मंजूर," तो म्हणाला.

मग स्क्रीनवरून नजर न काढता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू –

"अन् मले बी तू आवडते."